अर्धा खुबा म्हणजे अर्धवट काम नव्हे

पत्र: आई 76 वर्षांची. काल पहाटे पलंगावरून उतरताना पाय अडकून पडली. उजवा पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेर वळलंय. एक्स-रेत मांडीच्या हाडाची मान मोडून सरकल्याचं दिसलं. एक डॉक्टर म्हणतात बायपोलर बसवू, म्हणजे अर्धा खुबा बदलू; दुसरे म्हणतात टोटल हिप करा, म्हणजे पूर्ण बदला. भाऊ म्हणतो, अर्धवट काम कशाला, एकदाच काय ते पूर्ण करून टाकू. पडेपर्यंत आई काठीशिवाय रोज दोन-तीन किलोमीटर चालायची. मधुमेह गोळ्यांवर आटोक्यात आहे. 4 वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट घातलाय, तेव्हापासून रक्ताच्या गुठळ्या न होण्याची गोळी, क्लोपिडोग्रेल, चालू. गेल्या सहा-सात महिन्यांत तेच तेच विचारते, दोनदा सकाळची गोळी परत घेतली. क्लोपिडोग्रेल बंद करून आठवडाभर थांबा, असंही एकांनी सुचवलंय. काय करावं?

उत्तर:

पत्रातला सगळ्यात घाईचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलाय, म्हणून आधी तो. क्लोपिडोग्रेलचा परिणाम पुरता उतरायला 5 ते 7 दिवस लागतात हे खरं. पण मोडलेला खुबा घेऊन 76 वर्षांच्या बाईने तेवढे दिवस पाठीवर पडून राहणं हे त्या गोळीमुळे थोडं जास्त रक्त जाण्यापेक्षा कितीतरी महागात पडतं. छातीत कफ साठतो, माकडहाडाला आणि टाचांना बेडसोर धरतो, पायाच्या शिरांत गुठळ्या होतात, मांडीचे स्नायू भराभर उतरतात आणि डोक्यात गोंधळ सुरू होतो. तब्येत तेवढी स्थिर असली की एक-दोन दिवसांत ऑपरेशन उरकायचं, असाच आज सगळीकडे प्रयत्न असतो, आणि निव्वळ क्लोपिडोग्रेल चालू आहे म्हणून ते लांबवत नाहीत. रक्ताची सोय आधी करून ठेवतात, इतकंच.

या गोळीवर असताना कमरेत सुई टोचून भूल देणं भूलतज्ज्ञ सहसा टाळतात, कारण मणक्याच्या पोकळीत रक्त साकळून मज्जारज्जू दाबला जाण्याची भीती असते. मग पूर्ण भूल देतात. ‘पूर्ण भूल या वयात झेपेल का’ म्हणून घाबरू नका. खुबा मोडलेल्या 1600 रुग्णांवरची एक मोठी चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. 60 दिवसांनी किती जण दगावले आणि किती जणांचं चालणं गेलं हे पाहिलं तर दोन्ही प्रकारच्या भुलींत फरक निघाला नाही. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नका. स्टेंट आहे, तेव्हा कुठला डोस चुकवायचा आणि पुन्हा कधी सुरू करायचं ते भूलतज्ज्ञ आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील. तोवर दुखण्यासाठी जांघेत नर्व्ह ब्लॉक, म्हणजे पायाच्या नसा बधिर करणारं इंजेक्शन, देता येईल का, हे आजच विचारा. पायाला वजन लटकवून ठेवण्याचा जुना प्रघात काही ठिकाणी अजून आहे. त्याने दुखणं कमी होतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. ब्लॉकने होतं, आणि गुंगी आणणारी वेदनाशामकंही कमी लागतात. तुमच्या आईच्या बाबतीत ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची.

आता अर्धा की पूर्ण.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो, तो आखूड मानेवर बसलेला असतो आणि कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक शिरा मानेला बिलगून वर जातात. मान मोडून तुकडे सरकले की त्या शिरा ताणतात, तुटतात. मग स्क्रू घालून कितीही सुबक जोडलं तरी हाड जुळून न येण्याचा किंवा वर्ष-दीड वर्षात गोळा मरून चेपला जाण्याचा धोका मोठा. तरुण माणसात स्वतःचा गोळा वाचवण्यासाठी तो पत्करतात, तुमच्या आईच्या वयात नाही. गोळा काढायचा, यावर दोन्ही डॉक्टरांचं एकमत आहे ते यामुळे. (ओळखीतल्या कुणाचा खुबा रॉड किंवा प्लेट घालून बरा झाला असेल, तर तो बहुतेक मानेच्या खालच्या उंचवट्यांपाशी मोडलेला असणार. तिथे रक्तपुरवठा चांगला असतो आणि हाड जुळतं. त्या ऑपरेशनशी तुमची तुलना करू नका.)

मतभेद आहे तो वाटीबद्दल. हेमीमध्ये, म्हणजे अर्ध्या बदलात, मोडका गोळा काढून त्या जागी धातूचा गोळा बसवतात; त्याची दांडी मांडीच्या हाडाच्या पोकळीत जाते. वाटी आईची स्वतःचीच राहते. टोटलमध्ये वाटीही खरवडून तिच्यात धातूचा कप आणि त्याच्या आत प्लास्टिकचं लायनर, म्हणजे अस्तर, बसवतात, किंवा संपूर्ण प्लास्टिकचा कप सिमेंटने चिकटवतात. बायपोलर हा हेमीचाच एक प्रकार आहे: मोठ्या पोकळ गोळ्याच्या आत प्लास्टिकचं अस्तर आणि त्यात फिरणारा लहान गोळा. ‘बाय’ ऐकून काही जणांना तो टोटलचा धाकटा भाऊ वाटतो, पण वाटीला त्यात कुणी हात लावत नाही. दोन ठिकाणी फिरल्यामुळे वाटीची झीज कमी व्हावी अशी त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात बऱ्याच रुग्णांत आतली हालचाल काही काळाने मंदावते, आणि चालण्या-फिरण्यात साध्या एकसंध गोळ्यापेक्षा ठळक फायदा अभ्यासांत दिसत नाही. तेव्हा ‘बायपोलर की साधा हेमी’ यावर डोकं शिणवू नका. दांडी आणि गोळा वेगवेगळे, म्हणजे मॉड्युलर आहेत ना, एवढं विचारा. ते का, ते पुढे येईल.

तुमच्या भावाला ‘अर्धा’ हा शब्द खटकतोय. सत्तर-ऐंशीच्या घरातल्या रुग्णाची वाटी बहुतेक वेळा चांगली असते. ज्यांचा खुबा संधिवाताने झिजतो त्यांची वाटी खराब झालेली असते, म्हणून त्यांना टोटल लागतंच. पडून मोडलेल्या खुब्यात बिघाड एका बाजूचाच आहे. शाबूत वाटी खरवडून कृत्रिम बसवायची, तर त्यातून काय मिळतं आणि त्याची काय किंमत पडते, हे तोलावं लागतं.

मिळतं ते असं. धातूचा गोळा वर्षानुवर्षं वाटीतल्या कूर्चेवर, म्हणजे हाडावरच्या गुळगुळीत थरावर, घासत राहिला तर वाटी झिजते. खुर्चीतून उठून पहिली चार पावलं टाकताना जांघेत कळ येते, पुढे चालताना येते, आणि मग टोटल करावं लागतं. जितकं जास्त चालणं आणि जितकी जास्त वर्षं, तितका हा धोका मोठा. गोळ्याच्या मापाचाही यात वाटा असतो. काढलेला गोळा सर्जन टेबलावरच मापतात, साधारण 40 ते 50 मिलिमीटरच्या घरात भरतो, आणि त्याच मापाचा धातूचा गोळा वाटीत घालून खेचून पाहतात. बसताना किंचित ओढल्यासारखा लागला की माप बरोबर. मोठा घेतला तर तो पुरता आत न जाता काठावर घासतो. लहान घेतला तर सगळा भार तळाच्या एकाच बिंदूवर येतो. टोटलमध्ये कूर्चाच उरत नसल्याने हे दुखणं मुळातच टळतं.

किंमत पडते ती सांधा निखळण्याची. हेमीचा गोळा मोठा असतो आणि वाटीचा नैसर्गिक काठ त्याला धरून ठेवतो. टोटलमधला गोळा लायनरमध्ये मावेल एवढाच, बहुतेक 28, 32 किंवा 36 मिलिमीटरचा, म्हणून तो लवकर बाहेर उडी घेऊ शकतो. त्यात खुबा मोडलेल्या माणसाचा सांधा कालपर्यंत मोकळा फिरत होता. संधिवातवाल्यासारखं भोवतीचं आवरण जाड, आखडलेलं नसतं, आणि वाकू नका म्हटलं तरी शरीर सवयीने वाकतं. त्यामुळे तेच टोटल ऑपरेशन मोडलेल्या खुब्यात जास्त निखळतं. शिवाय वेळ जास्त लागतो आणि रक्तही जास्त जातं.

दोन्ही पारडी समोरासमोर ठेवून पाहणारी सगळ्यात मोठी चाचणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. 10 देशांतले, 50 वर्षांवरचे, मोडण्याआधी दुसऱ्याच्या आधाराशिवाय चालणारे सुमारे 1500 रुग्ण. निम्म्यांना टोटल, निम्म्यांना हेमी. दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागलं ते टोटलमध्ये 7.9 टक्के आणि हेमीत 8.3 टक्के रुग्णांना, म्हणजे फरक नाहीच. सांधा निखळण्या-डळमळण्याचं प्रमाण 4.7 विरुद्ध 2.4 टक्के, टोटलमध्ये जवळजवळ दुप्पट. दुखणं आणि वावर यांचे गुण टोटलमध्ये किंचित बरे, पण रोजच्या जगण्यात जाणवावेत इतके नव्हेत. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: वाटीची झीज दोन वर्षांनंतरच जास्त डोकं वर काढते, त्यामुळे ज्याच्यापुढे दहा-पंधरा वर्षांचं चालणं आहे त्याचा हिशेब या आकड्यांत पुरता आलेला नाही.

म्हणून ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना टोटलचा विचार कुणासाठी करावा ते सांगताना वयाचा आकडा लावत नाहीत. घराबाहेर एकट्याने, फार तर एका काठीवर चालणारा; ज्याला हे ऑपरेशन न झेपावं असा दुसरा आजार नाही; आणि पुढची दोन वर्षं तरी आपलं आपण सगळं करू शकेल असा रुग्ण. वाटीत आधीपासून संधिवात असेल तर पारडं आणखी टोटलकडे झुकतं. एक्स-रेत वाटी आणि गोळा यांच्यामधली फट नीट दिसते का, हे दोन्ही डॉक्टरांना विचारा. पडण्याआधी जांघ दुखायची का, हे तुम्ही आठवा.

तुमच्या आईच्या पायांकडे पाहिलं तर टोटल म्हणावंसं वाटतं. तिच्या विसरण्याकडे पाहिलं की आम्ही थबकतो. टोटलनंतरचे पहिले तीन महिने आठवणीवर चालतात: पाय ओलांडायचा नाही, खाली वाकून काही उचलायचं नाही, झोपेत आतल्या बाजूला वळायचं नाही. हे सांगून एक तासाने जो विसरतो, त्याचा सांधा मध्यरात्री लघवीला उठताना निखळतो. पुन्हा भूल, पुन्हा खेचून बसवणं, आणि एकदा निखळलेला सांधा परत निखळायला सोकावतो. तेव्हा आधी तिच्या विसरण्याची जात ओळखा, आणि ती पडण्याआधीच्या आठवड्यावरून ओळखा. आत्ता ती बरळत असेल, रात्री कुणाला भलत्याच नावाने हाक मारत असेल, तर तो वेदनेचा, औषधांचा आणि परक्या जागेचा गोंधळ असतो, बराचसा निवळतो. पण नावं आठवायला वेळ लागणं वेगळं आणि तोच प्रश्न दहा मिनिटांनी परत विचारणं वेगळं. गोळी दोनदा घेणं हे दुसऱ्या प्रकारात मोडतं. ती वाट चुकली होती का, हिशेब चुकायचे का, हे घरातल्या दोघा-तिघांना वेगवेगळं विचारा आणि जे निघेल ते सर्जनना सांगा. बऱ्याचदा घरचे लाजेने लपवतात आणि सर्जन तिचं दोन-तीन किलोमीटर चालणं ऐकून टोटल ठरवतात.

पत्रात आहे तेवढ्यावरून आमचा कौल हेमीकडे, तोही सिमेंट लावलेल्या. विसरणं वयोमानापुरतंच निघालं, वाटी झिजलेली दिसली आणि टोटल नेहमी करणारा हात एक-दोन दिवसांत मिळत असला, तर टोटलही चूक ठरणार नाही. त्या वेळी ड्युअल मोबिलिटी कपबद्दल विचारा: लहान गोळा मोठ्या प्लास्टिकच्या गोळ्यात आणि तो कपात फिरतो, त्यामुळे निखळणं अवघड होतं. मात्र निव्वळ टोटलसाठी खास सर्जन येईपर्यंत चार दिवस थांबण्यात अर्थ नाही.

खरं तर अर्ध्या-पूर्णच्या वादापेक्षा सिमेंटचा प्रश्न तुम्ही जास्त आग्रहाने विचारायला हवा. बोन सिमेंट म्हणजे पूड आणि द्रव कालवून केलेला लगदा. हाडाची पोकळी धुऊन कोरडी करतात, तळाला बूच बसवतात, पिचकारीसारख्या गनने सिमेंट खालून वर भरत येतात, त्यात दांडी दाबून बसवतात आणि दहा-बारा मिनिटं न हलवता धरून ठेवतात, की ती घट्ट. सिमेंटशिवायची दांडी हाडात ठोकून घट्ट करावी लागते. ठिसूळ हाड त्या ठोकण्यात तडकतं, किंवा काही आठवड्यांनी जरा पाय मुरगळला तरी दांडीभोवती उभं चिरतं, आणि ते दुरुस्त करणं पहिल्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी अवघड. 60 वर्षांवरच्या 1225 हेमी रुग्णांवरची एक चाचणी 2022 मध्ये आली: दांडीभोवती हाड मोडण्याचं प्रमाण सिमेंटमध्ये 0.5 टक्के, बिनसिमेंटमध्ये 2.1 टक्के. चार महिन्यांनंतरचं जगणंही सिमेंटवाल्यांचं थोडं बरं. सिमेंटचाही एक धोका आहे: दांडी दाबताना मज्जा आणि चरबीचे कण रक्तात ढकलले जाऊन रक्तदाब आणि ऑक्सिजन एकदम उतरू शकतो. हृदय फार अशक्त असेल तर तो जिवावर बेततो. म्हणून सिमेंट भरण्याआधी सर्जन मोठ्याने तसं सांगतात आणि भूलतज्ज्ञ तयारीत राहतात. स्टेंटची फाईल भूलतज्ज्ञांच्या हातात आधी पडू द्या. ते म्हणाले की सिमेंट नको, तर ते ऐका. निव्वळ वेळ वाचतो म्हणून बिनसिमेंट, हे कारण मात्र ऐकून घेऊ नका.

सांध्यापर्यंत कुठून शिरणार, हेही विचारा. मागून शिरलं तर चाल लवकर सुधारते, पण निखळण्याचा धोका जास्त. बाजूने शिरलं तर निखळणं कमी, पण कमरेच्या बाजूचे स्नायू कापून परत शिवावे लागतात आणि काही जण बरेच महिने डुलत चालतात. विसरभोळ्या रुग्णाला डुलणं परवडतं.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी आईला उभं करायला हवं, पुरा भार टाकून. ‘टाके निघेपर्यंत पाय टेकू नका’ असं सांगितलं तर का, ते स्पष्ट विचारा. नीट बसलेला सांधा लगेच भार घेतो. उठताना ऑपरेशनचा पाय पुढे सरकवायचा, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, कंबर आधी वर, छाती पुढे झोकायची नाही. खुर्ची, पलंग, कमोड सगळं एवढं उंच हवं की बसल्यावर ढुंगण गुडघ्यांच्या वर राहील. मागून शिरले असतील तर पहिले तीन महिने तीन गोष्टींची युती टाळायची: खुबा काटकोनापलीकडे वाकवणं, पाय दुसऱ्यावर टाकणं आणि पाऊल आत वळवणं. झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी. हेमी झाली तरी हे पाळा, तीही निखळते, फक्त कमी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. वॉकर सुटून काठी आली की ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. बहुतेक जण उलटी धरतात.

गोंधळ टाळायला तिचा चष्मा आणि कानाचं यंत्र असेल तर तेही पहिल्या दिवसापासून तिच्या अंगावर असू द्या, समोर घड्याळ ठेवा, रात्री ओळखीचं माणूस जवळ असू द्या. लघवीची नळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघते का, याचा पाठपुरावा करा. गुठळी न होण्याचं औषध साधारण महिना-पाच आठवडे चालतं. क्लोपिडोग्रेल आहे म्हणून ते नको, असं समजू नका, डॉक्टरांना विचारा.

अचानक जोराची कळ, पाय आखूड झाला, पाऊल आत वळलं, भार टाकता येत नाही, तर सांधा निखळलाय असं धरा आणि घरी ओढाताण न करता दवाखाना गाठा. जखम आठवड्यानंतरही पाझरत असेल तर दुकानातून अँटिबायोटिक आणून देऊ नका, सर्जनलाच दाखवा; अर्धवट अँटिबायोटिकने आतला जंतू लपतो आणि तपासणीत सापडत नाही. पोटरी सुजली किंवा एकदम धाप लागली तर त्याच तासाला दवाखान्यात.

उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला, याचा अर्थ हाडं ठिसूळ झालीत, आणि दुसरा खुबा त्याच वाटेवर आहे. ड जीवनसत्त्व तपासून भरून घ्या. मग झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड 5 मिलिग्रॅमचं वर्षातून एकदा शिरेतून देण्याचं इंजेक्शन मूत्रपिंड चांगलं असेल तर आईला चालेल का, ते विचारा. खुबा मोडलेल्या रुग्णांना ऑपरेशननंतर 90 दिवसांच्या आत ते सुरू केल्यावर पुढची फ्रॅक्चरं 35 टक्क्यांनी कमी झाल्याचं 2007 च्या चाचणीत दिसलं आहे. घरी पाठवताना याचा विषय कुणी काढला नाही तर तुम्ही काढा. हमखास राहून जातो.

आणि ऑपरेशनच्या नोंदीत दांडी, गोळा (आणि असेल तर कप) यांचे स्टिकर चिकटवलेले असतात. त्यांचा स्वच्छ फोटो काढून ठेवा. मॉड्युलर हेमी असेल आणि आठ-दहा वर्षांनी वाटी दुखू लागली, तर दांडी पक्की असल्यास ती तशीच ठेवून वरचा गोळा बदलता येतो, कप घालून टोटल करता येतं. पण त्या दांडीच्या टोकावर कुठल्या मापाचा गोळा बसतो, हे तेव्हा त्या स्टिकरवरूनच कळणार आहे.